मला न्यायला येऊ नका

टिळकवाडी, बेळगाव

ती. आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, सातवा लागला की तुम्ही मला नंदगडला न्यायला येणार होता. मी यायचं नाही असं ठरवलंय. ह्यांच्याशी, आत्याबाईंशी बोलून झालंय, बाळंतपण इथंच. रागावू नका. आई, तू तर अजिबात रडायचं नाहीस.

कारण ही जळजळ. आडवी झाले की आंबट पाणी घशाशी येतं, रात्रीत दोनदा उठून बसते. गाडीच्या हिसक्यांनी आणखीच वाढतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, प्रोजेस्टेरॉनमुळं जठराच्या तोंडाची झडप सैल पडते, शिवाय बाळ खालून रेटतं. बाळंत झाल्यावर बहुतेक आपोआप जातं. पण खरं सांगू? मी उठले की तू उठणार, पाठ चोळत बसणार. तुझं बीपी, त्यात जागरण. ताईच्या वेळचं मी विसरले नाही गं.

इथं काही कमी नाही. ह्यांनी उशाकडच्या पायांखाली विटा घालून पलंग सहा इंच उचललाय. आत्याबाई दिवसातून पाच-सहा वेळा थोडं थोडं वाढतात. रात्रीचं जेवण साडेसातला, मग दहापर्यंत बसूनच, आणि झोपायचं डाव्या कुशीवर. चहा, मिरचीचा रंजका बंद. रंजक्याशिवाय भाकरी उतरत नाही, पण खाते.

आई, तू सांगितलेला खायचा सोडा मात्र नको, त्यातलं सोडियम या दिवसांत बरं नाही. डॉक्टरांनी दिलेलं पित्ताचं औषध घेते, लोहाच्या गोळीपासून दोन तास लांब. डोकं ठणकलं, डोळ्यांपुढं अंधुक झालं, उजव्या बरगडीखाली दुखलं, तर पित्त समजून थांबायचं नाही, तडक दवाखाना. हे ह्यांना पाठ आहे.

लहानपणी पोट दुखलं की तू हिंग कालवून बेंबीभोवती लावायचीस, बाबा कंदील धरून उभे. परवा रात्री तो वास आठवला, आणि उठून तुमच्याकडं यावंसं वाटलं.

बाबा, उपाशीपोटी चहा घेऊन शेताकडं जायचं नाही. आई, बीपीची गोळी चुकवायची नाही आणि विहिरीवरून घागर आणायची नाही, बाई लावा.

आणि नववा लागला की तुम्हीच या. खालची खोली मोकळी केलीय, जिना चढायला नको, कमोडही आहे. पेजेसाठी आपले तांदूळ आणा. माझी जुनी वाकळही आणा. धुऊ नकोस आई, तशीच आण. बाळाची वेगळी शिव.

तुमची,
बाळी