सही करायच्या आधी

दांडिया बाजार, बडोदे
मंगळवार, दुपार

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

रविवारी रात्री तू तडक स्टेशनवर निघालीस आणि तुझी निळी फाईल शिलाई मशीनवर राहिली. वाचायची नाही असं ठरवून मी ती कपाटात ठेवली होती. काल बाबा बँकेत गेल्यावर काढली आणि तुझ्या कथासंग्रहाचा प्रकाशकाने पाठवलेला करारनामा पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचला. ही प्रत कोरी आहे. दुसरीवर सही करून तू त्यांना पाठवलीस का?

आधी माझं चुकलं ते लिहिते. "छापून वाचणार कोण आहे" असं मी म्हणायला नको होतं. ते आजीचं वाक्य. ती नानांना तेच म्हणायची आणि मला तेव्हा तिचा राग यायचा. परवा तेच माझ्या तोंडून निघालं.

नानांच्या पुस्तकाची गोष्ट तुला अर्धीच ठाऊक आहे. १९७६ साली रावपुऱ्यातल्या एका छापखान्यात ते छापलं, पाचशे प्रती. छापखानेवाल्याने अर्धे पैसे आधी मागितले तेव्हा आजीच्या पाटल्या गेल्या. गठ्ठे घरी आले त्या दिवशी शिरा केला होता. दुसऱ्या दिवशी सत्तेचाळिसाव्या पानावर चूक सापडली, 'विरह'चं 'विहर' झालेलं. नानांनी पाचशेच्या पाचशे प्रतींत शाईपेनाने ते दुरुस्त केलं. मी सात वर्षांची. शेजारी टीपकागद घेऊन बसायची, आठवडाभर चाललं होतं ते. मग शंभर-सव्वाशे प्रती ओळखीच्यांत वाटल्या गेल्या आणि बाकीच्या माळ्यावर चढल्या. त्यांचं पुढे काय झालं ते तू पाहिलंच आहेस.

पण नानांनी त्यानंतर कवितेची एक ओळ लिहिली नाही, हे तुला कोणी सांगितलेलं नाही. पुस्तक खपलं नाही हे ते पचवू शकले असते. जेवायला वाढताना आजीच्या मोकळ्या मनगटाकडे त्यांची नजर जायची, ते मात्र त्यांना कधी पचलं नाही. म्हणून विचारते, सही केलीस का.

आता त्या कागदाबद्दल. ७२,००० रुपये तू द्यायचे, ते ३०० प्रती छापणार, किंमत ३०० रुपये, तुला रॉयल्टी दहा टक्के. मी वहीत मांडून पाहिलं. एका प्रतीमागे तू २४० रुपये भरणार आणि ती विकली गेली की तुझ्या हाती तीस येणार. तीनशेच्या तीनशे संपल्या तरी नऊ हजार. ज्याने छापायच्या आधीच सगळे पैसे घेतले, त्याला पुस्तक विकायची गरज काय उरली? शिवाय त्यात 'आयएसबीएन शुल्क ५,०००' असं वेगळं लावलंय. मनू, पुस्तकाचा तो ओळख-क्रमांक दिल्लीची राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन एजन्सी फुकट देते, स्वतःचं पुस्तक स्वतः छापणाऱ्यालाही. 'कॉपीराइट नोंदणी'चे चार हजार आहेत. तू लिहिलंस त्या क्षणी १९५७च्या कायद्याने हक्क तुझा झाला, नोंदणी सक्तीची नाही. करायचीच म्हटली तर सरकारी फी पाचशे रुपये.

पैशांचं एकवेळ सोड. कलम सातमध्ये 'सर्व भाषांतील, सर्व माध्यमांतील हक्क कायमस्वरूपी' असं आहे. मी ते शेजारच्या वकीलकाकांना दाखवलं (रागावू नकोस, नाव सांगितलं नाही, पण त्यांनी ओळखलं असणार). ते म्हणाले, मुदत लिहिलेली नसती तर कायद्याने पाच वर्षंच धरली असती, प्रदेश लिहिला नसता तर फक्त भारत. आणि घेतलेला हक्क प्रकाशकाने वर्षभरात वापरला नाही तर तो लेखकाकडे परत येतो, करारात वेगळं ठरलेलं नसेल तर. तुझ्या करारात नेमकं वेगळं ठरलेलं आहे, कलम अकरा बघ. लेखकाचा हक्क त्याच्या हयातीत आणि त्यानंतर साठ वर्षं चालतो. तुझ्या बाबतीत हे लिहिताना हात थांबतो, पण तेवढा काळ तुझ्या गोष्टी त्यांच्या होतील. तुझी सूरसागर तळ्याची गोष्ट उद्या कोणी गुजरातीत नेली, कोणी तिचं नाटक केलं, तरी तुला विचारायला कोणी येणार नाही. मागायचंच तर पाच वर्षं, फक्त मराठी, फक्त छापील, एवढं लेखी माग.

बघ, पुन्हा शाळा सुरू केली मी. तीस वर्षं फळ्यासमोर उभी राहिले, ते सुटत नाही. माफ कर.

२०१८च्या फेब्रुवारीत मराठी साहित्य संमेलन आपल्याकडे आलं होतं, आठवतं? तू पाचशे रुपये घेऊन ग्रंथप्रदर्शनात गेलीस आणि परत यायच्या रिक्षाचे पैसेही उरवले नाहीस. चालत आलीस, पिशवीचे बंद बोटांत रुतलेले. पायऱ्यांवर बसून म्हणालीस, "आई, सगळ्या पुस्तकांची तिसरी पानं वाचली मी आज." प्रकाशक, मुद्रक, अक्षरजुळणी, सगळी नावं. तेव्हाच मला कळलं होतं. मी बोलले नाही. बोलायला हवं होतं.

तेच आता पुन्हा कर. तुला आवडणारे कथासंग्रह काढ आणि कोणी काढलेत ते पाहा. अशा दोघा-तिघांना आधी पत्र लिही आणि त्यासोबत दोनच गोष्टी पाठव, अख्खं बाड नको. उत्तराला महिने लागतात. लागू देत. दिवाळी अंकांना जूनच्या आत पाठव. १९०९मध्ये 'मनोरंजन' मासिकाने पहिला काढला तेव्हापासून आपल्याकडे कितीतरी जण त्याच दारातून आत आलेत आणि तुझी एक गोष्ट तर गेल्या वर्षी छापूनही आली. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठीच असते. तू पुण्यात आहेस, अर्ज कर. आणि हे सगळं करून स्वतःच छापावंसं वाटलं तर छाप, मी आड येणार नाही. पण मग छापखाना आपण शोधू, प्रती आपल्या, हक्क तुझे. मुद्रितं मी तपासेन. 'विहर' होऊ देणार नाही.

छापलेलं पुस्तक प्रकाशकाने तीस दिवसांत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला पाठवायचं असतं, कायदाच आहे तसा. तुझं नाव तिथल्या कपाटात जाईल हे मनात आलं आणि मी कुकरच्या शिट्ट्या मोजायला विसरले. एक प्रत मी स्वतः मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीत नेऊन देणार आहे. नाना मला बोट धरून न्यायचे तिथे.

फाईलमधल्या गोष्टीही वाचल्या. लाल स्वेटरची दोनदा. बाबांना दाखवली नाही. ती गोष्ट आहे तशीच राहू दे, माझ्यासाठी काही बदलू नकोस. त्यातली बाई शेवटी दार लावून घेते ना, तिथे मला थोडा वेळ बाहेर जाऊन बसावं लागलं.

बाबा शनिवारी पुण्याला येतायत. त्यांच्याबरोबर फाईल, लीलो चेवडो आणि नानांच्या पुस्तकाची एक प्रत पाठवते. सत्तेचाळिसावं पान बघ, शाई अजून निळी आहे.

सही केली असलीस तरी सांग. वकीलकाका म्हणाले, पैसे भरले नसतील तर लगेच पत्र लिहून थांबवता येईल का ते बघू. मी रागावणार नाही. फोन उचलू नकोस हवं तर, नुसतं हो किंवा नाही एवढं लिहून पाठव. आजच.

तुझी,
आई