बिघडलेला यूपीएस रडारच्या वाटेतून काढा

संपादक महोदय,

निफाड तालुक्यात माझ्या धाकट्या भावाची द्राक्षबाग आहे. नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस गारपिटीने त्या पट्ट्यातल्या बागा झोडपल्या, तेव्हापासून आभाळ भरून आलं की त्याचा मला फोन येतो. मी मोबाईलवर कुलाब्याच्या डॉप्लर रडारचं चित्र उघडतो आणि ढग कुठवर आलेत ते सांगतो. खळ्यावर कांदा पडलेला असेल तर ताडपत्री ओढायला घरच्या चौघांना वीस मिनिटं पुरतात. पण ती वीस मिनिटं हाताशी असावी लागतात.

माझी सगळी नोकरी यूपीएस (लाईट जाताच बॅटरीवरून वीज देणारा संच), बॅटऱ्या आणि जनरेटर सांभाळण्यात गेली. त्यामुळे रडारस्थळी बिघडलेली बॅकअप यंत्रणा चालू ठेवावी की बंद करावी, या प्रश्नावर माझं मत ठाम आहे: ताबडतोब बंद करावी.

लाईट गेल्यावर जनरेटरला भार उचलायला काही सेकंद लागतात. तेवढी फट यूपीएस बुजवतो. अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान जाळ्यात सुमारे १६० डॉप्लर रडार आहेत, तिथेही जनरेटरच्या जोडीला असा मधला आधार असतो. तो नसला की रडारचे संगणक बंद पडतात, ट्रान्समीटर पुन्हा तापेपर्यंत थांबावं लागतं आणि मधली चित्रं जातात. म्हणूनच यूपीएस बंद करायला कुणी धजत नाही. कागदावर ‘बॅकअप नाही’ असं लिहायची भीती वाटते.

पण ‘ऑनलाईन’ प्रकारच्या यूपीएसमध्ये सगळा वीजपुरवठा त्याच्या पोटातून जातो, हे विसरून चालणार नाही. तो आतून खराब झाला तर बाहेर लाईट असतानाही रडार बंद पडू शकतो. बॅटऱ्या एकापुढे एक सिरीजमध्ये जोडलेल्या असतात, त्यामुळे एक मेली की सगळी ओळ लंगडी पडते. फुगलेल्या बॅटरीला चार्जर करंट देतच राहिला तर ती तापत जाते, हायड्रोजन सोडते. हवेत त्याचं प्रमाण ४ टक्क्यांवर गेलं तर एक ठिणगी पुरते.

एका कारखान्यात मी हे अनुभवलं आहे. दोन बॅटऱ्या फुगल्याची नोंद मी स्वतः लॉगबुकात केली होती. अलार्म वाजत होता, तर बझर बंद करून ठेवला गेला. ‘शटडाऊन मिळेल तेव्हा बघू’ असं ठरलं. आठ दिवसांनी, मे महिन्याच्या भर दुपारी, महावितरणची लाईट व्यवस्थित असताना कंट्रोल रूम अंधारात गेली. बॅटरीच्या खोलीचं दार उघडलं तर डोळे चुरचुरले, एका बॅटरीचं प्लास्टिक मऊ पडलं होतं. सुदैवाने आत कुणी नव्हतं. यूपीएसला वगळून बाहेरची लाईट थेट यंत्रांना देणारा बायपासचा स्विच हाताच्या अंतरावर होता. तो आठ दिवस आधी टाका, असा आग्रह मी धरायला हवा होता. ते मला आजही खातं.

म्हणून रडारवर ड्युटीला असलेल्या तंत्रज्ञालाच यूपीएस बायपासवर टाकण्याचा आणि बॅटरी बँक तोडण्याचा अधिकार असावा. वरून मंजुरी येईपर्यंत फाईल फिरत राहते, बॅटरी थांबत नाही. बायपासवर असताना वादळी ढगांचा अंदाज आला, तर ते पोहोचण्याआधीच भार जनरेटरवर घ्यावा. बदल करताना एखादं चित्र चुकलं तरी ते कोरड्या आभाळाचं असेल.

नव्या बॅटऱ्या बसवायची वेळ मात्र जपून निवडायला हवी. आपल्याकडे फेब्रुवारी ते एप्रिल गारांचे, जून ते सप्टेंबर पावसाळा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरात छाटणीनंतरच्या बागेवर अवकाळीची टांगती तलवार. त्यातल्या त्यात निवांत असतात ते डिसेंबरचा शेवट आणि जानेवारी. लोड टेस्टही, म्हणजे प्रत्यक्ष भार टाकून बॅटऱ्या किती टिकतात ते बघणंही, तेव्हाच व्हावं.

आणि लोकांना सांगावं. रडार बॅकअपविना चालू असेल तर चित्राखाली तशी एक ओळ मराठीत लिहावी. चित्र जुनं असेल तर ते ठळक दिसावं, कारण घाईत त्यावरची वेळ कोण बघतो? कुलाब्याहून नाशिक सरळ रेषेत सुमारे १६० किलोमीटर. एवढ्या अंतरावर रडारचा सर्वांत खालचा किरणही समुद्रसपाटीपासून जवळजवळ तीन किलोमीटर उंचावरून जातो. मुळातच आपल्याला ढगांची वरचीच बाजू दिसते. त्यात चित्रांची साखळी तुटली तर शेतकऱ्याने कशाच्या भरवशावर राहायचं?

२०२७ च्या सिंहस्थात ऐन पावसाळ्यात लाखो भाविक गोदाघाटावर उतरतील. त्याआधी आपल्या वृत्तपत्राने हवामान विभागाला एवढंच विचारावं: मुंबईतल्या कुलाबा आणि वेरावली या दोन्ही रडारांच्या बॅटऱ्या कोणत्या वर्षीच्या आहेत, आणि त्यांची शेवटची लोड टेस्ट कधी झाली? उत्तर आलं की कृपया ते छापावं.

– एक निवृत्त विद्युत तंत्रज्ञ, सातपूर, नाशिक