पांढरीवर जेसीबी घालण्याआधी

पुणे

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. नदीकाठची पांढर, म्हणजे जुन्या वस्तीचं ते टेकाड, उकरून ती माती खालच्या वावरात टाकायची म्हणून तू जेसीबी ठरवतो आहेस, आणि ‘सोनंनाणं निघालं तर कळवतो’ असंही लिहिलं आहेस. फोनवर हे सगळं नीट सांगता आलं नसतं, म्हणून सविस्तर लिहितोय. सोन्याचं राहू दे. तू जी माती पिकाला चांगली म्हणून नेणार आहेस, तिच्यातली राखच मला हवी आहे.

पांढरीची माती रानाला मानवते हे आपल्याकडे जुन्या लोकांना चांगलं ठाऊक होतं. मानवणारच. पिढ्यान् पिढ्या तिथं चुली पेटल्या, गोवऱ्या जळल्या, भिंती पडल्या आणि त्यांच्यावर पुन्हा घरं उभी राहिली. साधा दाणा मातीत पडला की कुजतो, नाहीतर किडामुंगी खाते. पण भाजताना चुलीत सांडलेला, राखेखाली दबून पुरती हवा न मिळाल्यामुळे जळून न जाता नुसता करपलेला दाणा कोळसा होतो. त्याला कीड लागत नाही, तो कुजतही नाही. तीन हजार वर्षांनी हातात घेतला तरी त्याचा आकार ओळखू येतो.

तुझ्याच संगमनेर तालुक्यात प्रवरेकाठी जोर्वे आहे. तिथं 1950-51 मध्ये उत्खनन झालं आणि ताम्रपाषाण काळातल्या, म्हणजे तांब्याची आणि दगडाची हत्यारं सोबतच वापरात होती त्या काळातल्या, एका अख्ख्या संस्कृतीला त्या गावाचं नाव मिळालं. पण त्या लोकांचं रोजचं जगणं खरं उलगडलं ते शिरूर तालुक्यातल्या इनामगावला, घोड नदीच्या काठावर. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या सांकळिया, ढवळीकर, अन्सारी या पुरातत्त्वज्ञांनी 1968 पासून दीडेक दशक तिथं काम केलं. इ.स.पूर्व 1600 ते 700 या काळातली शंभराहून अधिक घरं उघडी झाली. प्राचीन वनस्पती-अवशेषांचे अभ्यासक काजळे यांनी तिथले करपलेले दाणे तपासले, आणि मुख्य पीक निघालं जव. आज तुझ्या शिवारात कोणी जव पेरतं का? त्याच्या जोडीला गहू, मसूर, कुळीथ, वाटाणा आणि लाखेची डाळ. रानातली बोरंही.

हे नुसतं धान्याच्या नावांवर थांबत नाही. जव, गहू, मसूर ही पिकं पश्चिम आशियातून आलेली आणि हिवाळ्यात येणारी. कुळीथ मात्र इथलाच. म्हणजे दख्खनच्या कोरड्या पट्ट्यात ही माणसं रब्बी पिकवत होती, आणि त्यासाठी पाणी लागणार. इनामगावला पाण्याचा पाट आणि त्याला घातलेला बांध सापडला आहे. वस्तीत एक मोठं पाच खोल्यांचं घर सापडलं आणि त्याच्या शेजारीच कोठार. धान्य कोणाच्या ताब्यात होतं ते तूच ओळख. पुढे इ.स.पूर्व 1000 नंतर चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या येतात. पाऊसमान घटलं आणि शेती बसली, असं ढवळीकरांचं म्हणणं. हा प्रश्न मला अजून मिटलेला वाटत नाही, आणि तो मिटवायचा तर अशाच आणखी पांढरींतले दाणे लागतील. तुझ्याकडची कदाचित त्यातलीच एक असेल.

काम कसं चालतं तेही सांगतो. एका थरातली राखाडी माती मोजून घ्यायची आणि पाण्याच्या पिंपात सोडून हलक्या हाताने ढवळायची. माती तळाला बसते, कोळसा वर तरंगतो. तो बारीक जाळीवर ओतून घेऊन सावलीत वाळवायचा, उन्हात दाण्यांना तडे जातात. मग सूक्ष्मदर्शकाखाली बारीक कुंचल्याने एकेक दाणा बाजूला करायचा. मला जवाचे दाणे बघायला फार आवडतात. सहा ओळींच्या जवाच्या कणसात दर तीन दाण्यांपैकी मधला सरळ असतो आणि बाजूचे दोन जागा पुरत नाही म्हणून थोडे पिळलेले. भिंगाखाली तो पीळ दिसला की कणीस कसलं होतं ते कळतं. गव्हाच्या कणसाच्या दांड्याचा इवलासा तुकडा मिळाला तर त्याहून जास्त कळतं. रानटी जातीत तो आपोआप सुटतो, म्हणून तुटल्याची खूण गुळगुळीत असते. पेरलेल्या जातीत मळणीत तुटतो, म्हणून खडबडीत. तणाच्या बियाही मी टाकून देत नाही. त्यातल्या पुष्कळ गुरांच्या पोटातून शेणात आणि शेणातून गोवरीत आलेल्या असतात, त्यामुळे गुरं कुठं चरत होती त्याचा माग लागतो.

मात्र यात घाई केली की फसगत होते. ज्वारी, बाजरी, नाचणी आपल्याकडे आफ्रिकेतून आली. फार जुन्या काळातल्या नाचणीच्या काही नोंदी पुन्हा तपासल्यावर दुसऱ्याच बारीक तृणधान्याच्या निघाल्या. आता एकट्या दाण्याचं वय कार्बन पद्धतीने काढता येतं, म्हणून एकेक दाणा जपावा लागतो.

आणि दाणा कुठल्या थरातला, चुलीजवळचा की कोठारातला, हे माहीत नसेल तर तो मुका. जेसीबीचं एक खोरं वरच्या पाच शतकांची माती खालच्या पाच शतकांत मिसळून टाकतं. मग ती मी कितीही चाळली तरी उपयोग नाही. कुऱ्हाड किंवा मणी सापडला तर लोक जपून ठेवतात, राख मात्र बिनदिक्कत ट्रॉलीत भरतात. याचं मला फार वाईट वाटतं. त्या काळी कुऱ्हाड किती जणांकडे असेल? संध्याकाळी घरात काय शिजलं, गुरांना काय घातलं, दुष्काळात काय खाल्लं, हे सगळं त्या राखेतच आहे.

तुझी गरज खरी आहे. खालचं वावर भरून काढायला हवं, हे मलाही दिसतं. पण त्यासाठी धरणातला गाळ मिळतो, सरकारची गाळयुक्त शिवार योजना आहे. तलाठ्याकडे चौकशी कर. पांढरीला तेवढा हात लावू नकोस. नदीने कापलेल्या बाजूला थर उघडे पडले असतील, त्याचे फोटो शेजारी फूटपट्टी धरून काढ आणि पाठव. खापरं दिसली तर उचलू नकोस, आहेत तिथंच राहू देत. मी इथं डेक्कन कॉलेजात आणि राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयात बोलतो, परवानगीशिवाय आपणही काही उकरायचं नाही.

जेसीबीवाल्याला आजच नाही म्हणून सांग. इसार दिला असशील तर तो मी भरतो. वहिनींना नमस्कार. उत्तराची वाट बघतोय.

तुझाच,
पुण्याचा मित्र