बाबांच्या प्रश्नाचं उत्तर

बेळगाव

ती. बाबा आणि आई यांस,
सा. न. वि. वि.

बाबा, टीसीएच हा शिक्षकी कोर्स केल्याशिवाय तुम्हाला कुणी वर्गात उभं केलं नसतं, मग डॉक्टर नुसत्या एमडीवर शिकवतात कसे, असं तुम्ही विचारलंत. शिकवतात खरे. आता वैद्यकीय शिक्षणाचा बेसिक कोर्स असतो, पण तो काही दिवसांचाच. तुमच्या सराव पाठांपुढे काहीच नाही.

स्कॉटलंडमधल्या डंडीच्या हार्डन आणि क्रॉसबी यांनी २००० साली वैद्यकीय शिक्षकाच्या १२ भूमिका मांडल्या. व्याख्याता, खाटेपाशी शिकवणारा, मेंटॉर, परीक्षक, अभ्यासक्रम आखणारा, साहित्य तयार करणारा, अशा. व्याख्यानाला बहुतेक जण बिनधास्त उभे राहतात, कारण विद्यार्थी असताना त्यांनी तेच सर्वांत जास्त पाहिलेलं असतं. जे पाहिलेलं नाही तिथं कचरतात. २०१९ पासून एमबीबीएसला क्षमताधारित, म्हणजे विद्यार्थ्याला प्रत्यक्ष काय करता येतं ते पाहणारा, अभ्यासक्रम आला आणि नेमक्या त्याच भूमिका अंगावर पडल्या.

सगळ्यात जास्त धाकधूक परीक्षकाच्या भूमिकेत. जुन्या तोंडी परीक्षेत गुण अंदाजानं पडायचे. ऑस्की (OSCE) या नव्या पद्धतीच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक विद्यार्थी ठरावीक मिनिटांच्या एकेका स्टेशनवरून फिरतो आणि परीक्षक समोरच्या यादीवर खुणा करतो. यादी ढिली असेल तर दोन परीक्षकांचे गुण जुळत नाहीत. ‘बीपी नीट घेतलं’ ही ओळ कुचकामी. पाच मिनिटं विश्रांती दिली का, दंड हृदयाच्या पातळीवर आहे का, गुंडाळायचा पट्टा (कफ) दंडाच्या मापाचा आहे का, आधी नाडीवरून वरच्या बीपीचा अंदाज घेतला का, पारा सेकंदाला साधारण २ मिमी उतरेल अशा वेगानं हवा सोडली का, अशा ओळी हव्यात. (आई, तुझं बीपी घेणाऱ्यालाही हेच विचार. बोलत असताना घेऊ देऊ नकोस.) यादी दोघांनी आधी एकाच विद्यार्थ्यावर वापरून पाहिली की निम्मी भीती जाते.

खाटेपाशी अडचण वेगळी. खानापूर-चंदगडचा पेशंट मराठी, बैलहोंगलचा कन्नड, विद्यार्थी भलत्याच राज्यातला. शिक्षक दुभाषी होतो आणि शेवटी निदानही स्वतःच सांगून मोकळा होतो. त्यावर पाच पायऱ्यांची एक साधी रीत आहे: आधी विद्यार्थ्याकडून निदान वदवून घ्यायचं, कशावरून म्हणतोस ते विचारायचं, एकच सर्वसाधारण नियम सांगायचा, बरोबर काय केलं ते नेमकं सांगायचं, मग चूक सुधारायची. दुसरी पायरी घाईत गळते, आणि तीच महत्त्वाची. कारण उत्तर बरोबर येऊनही विचार चुकीचा असू शकतो. पेशंटसमोर चूक काढणं मात्र टाळावं.

मेंटॉर म्हणून बहुतेक जण उपदेश लवकर सुरू करतात, एवढंच म्हणेन.

राहिला या डॉक्टरांचा शिकवण्यातला आत्मविश्वास मोजण्याचा प्रश्न. ‘शिकवता येतं का’ असं मोघम विचारलं की सगळेच हो म्हणतात. म्हणून प्रत्येक भूमिकेला १ ते ५ असा वेगळा आकडा मागायचा. गंमत अशी की कोर्सनंतर काहींचा आकडा खाली येतो. ते बिघडलेले नसतात, काय येत नाही ते त्यांना आता कळलेलं असतं. त्यामुळे कोर्स संपल्यावर एकाच बैठकीत दोन्ही विचारावं: आज किती जमेल, आणि आज मागं पाहता आधी किती जमत होतं. तरी हा झाला त्यांचा स्वतःचा अंदाज. काही महिन्यांनी सहकाऱ्यानं मागच्या बाकावर बसून पाठ पाहायला हवा, तुमचे निरीक्षक बसायचे तसा. त्याला मात्र ज्येष्ठ प्राध्यापक अजून नाकं मुरडतात.

तुमची लेक