दहापैकी दहा

कोथरूड, पुणे

प्रिय सुधा,
सप्रेम नमस्कार.

आईचे गुडघे सोडले तर घरी सर्व कुशल आहे. हे पत्र दादासाठी, खरे म्हणजे वहिनींच्या एका प्रश्नासाठी लिहिते आहे. त्याच्या ल्युकेमियावर, म्हणजे रक्ताच्या कर्करोगावर, उपाय म्हणून माझ्या रक्त बनवणाऱ्या पेशी त्याला दिल्या, हे तुला ठाऊक आहेच. काल वॉर्डबाहेरच्या बाकावर त्यांनी मला विचारले, "तुमचे तर दहापैकी दहा जुळले होते ना? मग यांच्या अंगावर हे का उठले?" उत्तर माहीत असूनही मला त्यांच्यासमोर बोलवले नाही. प्राणिशास्त्राच्या त्या दोन वर्षांत आपण एकाच वहीवर अभ्यास केला, म्हणून तुझ्याजवळ बोलते.

दादाच्या तळहातांवर आधी लाल पुरळ आले, मग कानांवर आणि खांद्यांवर. आता पाठ उन्हात भाजल्यासारखी दिसते. डॉक्टर याला जीव्हीएचडी म्हणतात. माझ्या पेशींना त्याचे शरीर परके वाटते आहे आणि त्या त्याच्यावर उठल्या आहेत.

दहापैकी दहा म्हणजे एचएलएची, पेशींवरच्या ओळखखुणांची, पाच जनुके, प्रत्येकाच्या दोन प्रती. ती सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असल्यामुळे बहुधा एकगठ्ठा उतरतात, आणि सख्ख्या भावंडांत दोन्ही गठ्ठे सारखे येण्याची शक्यता चारात एक असते. ती आम्हाला लाभली तेव्हा आईने तळ्यातल्या गणपतीला नारळ वाढवला होता. पण सुधा, बाकीच्या गुणसूत्रांचे काय? तिथे आम्ही कितीतरी ठिकाणी वेगळे आहोत, आणि त्या वेगळ्या प्रथिनांचे बारीक तुकडे त्याच जुळलेल्या एचएलएवर मांडलेले माझ्या पेशींना दिसतात. शिवाय त्याचे वाय गुणसूत्र, जे माझ्यात नाहीच. स्त्रीच्या पेशी पुरुषाला दिल्या, त्यातही ती मुलांची आई असेल, तर हा त्रास, विशेषतः त्याचे दीर्घकाळ रेंगाळणारे रूप, अधिक आढळते. निनाद पोटात असतानाच माझ्या पेशींना वायची प्रथिने परकी म्हणून कळली असावीत, हा विचार काही केल्या डोक्यातून जात नाही. ज्या बाळंतपणात दादा रात्रभर दवाखान्याच्या पायरीवर बसून होता, तेच ते!

आणि पुरळ पूर्ण मावळू दे असे मागायलाही जीव धजत नाही. दादाच्या परक्या खुणा ओळखणाऱ्या याच पेशी उरलीसुरली ल्युकेमियाची पेशी हुडकून मारतात. एकरूप जुळ्या भावंडाच्या पेशी घेतलेल्यांना जीव्हीएचडी क्वचितच होतो, पण त्यांच्यात ल्युकेमिया उलटण्याचे प्रमाण जास्त दिसले. म्हणजे आमच्यातला जो फरक त्याची कातडी जाळतो आहे, तोच त्याला राखतोही आहे. डॉक्टर स्टिरॉइडचा डोस मोजूनमापून देतात तो याचसाठी. माझ्या पेशींना आवरणाऱ्या दुसऱ्या औषधाचे, टॅक्रोलिमसचेही तसेच: एका जनुकाच्या फरकामुळे ते कुणाच्या शरीरातून झरझर निघून जाते, कुणाच्यात साचते, म्हणून रक्तातली पातळी पुन्हापुन्हा पाहावी लागते. शेजारच्या पलंगावरच्या मुलाला पुरणारा डोस दादाला पुरेलच असे नाही.

दादाचा रक्तगट बी होता. तो हळूहळू माझा, ओ, होणार आहे. कॅरमच्या क्वीनवरून तुम्ही दोघे भांडायचात तेव्हा "आमच्या रक्तात माघार नाही" असे तो ओरडायचा. ते रक्त आता माझे, तेव्हा त्या क्वीनचा जुना दावा तू यापुढे माझ्यावर लाव. हे त्याला सांगितले तर तो हसेल. वायचे मात्र सांगवत नाही, आणि वहिनींना तर मुळीच नाही; त्या निनादकडे बघतील तेव्हा त्यांच्या मनात काय येईल, या धास्तीने मी गप्प राहते.

गौरीचा बारावीचा निकाल कळव. तुमच्या सोसायटीच्या पाण्याचे काही झाले का?

दादाच्या रक्तात माझ्या पेशी किती टक्के झाल्या, तो रिपोर्ट शुक्रवारी यायचा आहे. त्याआधी मला फोन कर आणि वहिनींना नेमके काय सांगू ते सांग, कारण त्या पुन्हा विचारणार.

तुझीच,
मीरा