'ठिसूळ' म्हणून सिरॅमिकला निकालात काढू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

मागच्या आठवड्यात विज्ञानाच्या पानावर नवीन मटेरियल्सवर लेख आला होता, मी सकाळीच वाचून काढला, छान होता, पण सिरॅमिकच्या वाट्याला त्यात एकच ओळ, 'कडक पण ठिसूळ', आणि शेजारी फोटो रंगीत मगचा. मी गेली 22 वर्षं अ‍ॅल्युमिनाचे (म्हणजे अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइड, एक पांढरं सिरॅमिक) पार्ट तपासते, पंपाच्या स्लीव्ह (नळीसारखे पार्ट), प्लंजर, सील रिंगा, इन्सुलेटर असं सगळं, त्यामुळे ती ओळ मनाला लागलीच. खोटी नाहीये ती, पण अर्धी आहे, आणि त्या अर्ध्या ओळीचं नुकसान मी रोज बघते म्हणून लिहायला बसले.

धातूवर ताण आला की आतले अणूंचे थर एकमेकांवरून थोडे सरकतात, म्हणून लोखंडाची पट्टी आधी वाकते, मग तुटते. सिरॅमिकमध्ये अणूंनी एकमेकांना इतकं घट्ट धरलेलं असतं की सरकायला वावच नाही. त्या घट्टपणामुळेच ते कडक असतं, गंजत नाही, 2050 डिग्रीच्या आसपास जाईपर्यंत अ‍ॅल्युमिना वितळत नाही, आणि त्याच घट्टपणामुळे एखादी बारीक भेग असली की सगळा ताण तिच्या टोकाशी गोळा होतो आणि ती एका झटक्यात आरपार जाते. ग्रिफिथ नावाच्या ब्रिटिश इंजिनिअरने 1920-21 सालीच काचेवर प्रयोग करून हे दाखवलं होतं. म्हणजे पार्ट किती सोसणार हे त्याच्या आतल्या सगळ्यात मोठ्या खोटीवर ठरतं. आणि दाबलं तर भेग उघडत नाही, त्यामुळे अ‍ॅल्युमिना जेवढी ओढ सोसतो त्याच्या 8-10 पट दाब सहज सोसतो, म्हणून डिझाइन करणाऱ्याने तो दाबाखाली राहील अशीच जागा त्याला द्यायची असते.

मग ही खोट येते कुठून? बनवताना येते. बॉक्साइटपासून काढलेली अ‍ॅल्युमिनाची पावडर बॉल मिलमध्ये दळतात, त्यात बाइंडर, म्हणजे कण धरून ठेवणारा चिकट पदार्थ, घालतात, स्प्रे ड्रायरमधून काढून तिचे बारीक गोल दाणे करतात आणि ते डायमध्ये (साच्यात) भरून प्रेस करतात. या कच्च्या पीसला आम्ही 'ग्रीन' म्हणतो, रंग पांढराच असतो पण म्हणतात ग्रीन. हातात घेतला तर खडूसारखा लागतो, नखाने रेघ उठते. एखादा दाणा नीट दाबला गेला नाही तर तिथे पोकळी राहते, पावडरीत केस पडला तर भट्टीत केस जळून जातो आणि त्याच्या आकाराचं भोक मागे राहतं. मग भट्टी, 1600 डिग्री, जिथे लोखंडाचं केव्हाच पाणी झालं असतं (ते 1538 ला वितळतं), पण अ‍ॅल्युमिना वितळत नाही, नुसते कण एकमेकांना चिकटत जातात, मधल्या फटी बुजतात आणि पीस आकसतो, लांबीत 15 ते 20 टक्के. 100 मिलिमीटरची स्लीव्ह हवी तर कच्ची साधारण 120 ची करावी लागते. एकदा भाजल्यावर डायमंड व्हीलशिवाय काही चालत नाही, म्हणून जे काय सुधारायचं ते आधीच.

आमच्याकडे एकदा डिस्पॅचची घाई होती म्हणून बाइंडर जाळायचा टप्पा निम्म्या वेळात उरकला. तो टप्पा साधारण 200 ते 500 डिग्रीच्या मधला, तिथे भट्टी अगदी मुंगीच्या पावलांनी तापवायची असते, नाहीतर आतला गॅस वाट फोडून बाहेर पडतो. स्लीव्ह बाहेर आल्या त्या दिसायला पांढऱ्याशुभ्र, मापात एकदम बरोबर. मी सवयीने एक एक वाजवून बघत होते, चांगला पीस खणखणीत वाजतो, त्यातल्या दोन बद्द वाजल्या. रंगाच्या पाण्यात बुडवून पुसल्या तर केसाएवढ्या निळ्या रेघा उमटल्या. मी अख्खा लॉट थांबवला, त्यावरून बरंच ऐकून घ्यावं लागलं, आणि शेवटी रिपोर्टात कारण काय लिहिलं गेलं तर 'मटेरियल ठिसूळ'. भट्टीचं नावसुद्धा नाही! संपादक साहेब, माझं म्हणणं हेच आहे, हा शब्द एकदा लिहिला की पुढे कोणी चौकशीच करत नाही.

आणि ही गोष्ट फक्त पंपांची नाही. 2001 साली कृत्रिम खुब्यात बसवायचे झिर्कोनियाचे (झिर्कोनियम ऑक्साइड, हे दुसरं एक सिरॅमिक) गोळे कंपनीला परत बोलवावे लागले, कारण काही बॅचेसचे गोळे माणसांच्या शरीरात फुटत होते. या बॅचेस नवीन प्रकारच्या भट्टीत, एकामागून एक सतत भाजणाऱ्या भट्टीत भाजलेल्या होत्या. त्याआधी वेगळ्या भट्टीत भाजलेले गोळे वर्षानुवर्षं व्यवस्थित चालत होते, पावडर तीच.

खरं तर झिर्कोनिया हे ठिसूळपणावरचं सगळ्यात सुंदर उत्तर आहे. शुद्ध झिर्कोनिया भाजून थंड होताना स्फटिकाचा आकार बदलतो, काही टक्के फुगतो आणि तडकून जातो. त्यात थोडी यिट्रिया (यिट्रियम धातूचं ऑक्साइड) घातली की तो जुन्याच आकारात अडकून राहतो, आणि मग भेग आली की तिच्या टोकाजवळचे कण तिथल्या तिथे फुगतात आणि भेगेला दोन्ही बाजूंनी दाबून धरतात. जी गोष्ट त्याला फोडत होती तीच त्याला वाचवते. 1975 साली गार्वी, हॅनिंक आणि पास्को यांनी हे मांडलं तेव्हा चक्क 'सिरॅमिक स्टील' असा शब्द वापरला होता. मला तर अजूनही हे कोणाला सांगताना अंगावर काटा येतो.

वापर सांगायचे तर पान पुरणार नाही. स्पार्क प्लगचा पांढरा भाग, अ‍ॅल्युमिना, 20 हजार व्होल्ट अडवतो आणि वर जळत्या गॅसचा मार खातो. गॅस लायटरचा टक् आवाज, सोनोग्राफीचा प्रोब, दोन्हीकडे दाबलं की वीज देणारं सिरॅमिक. अणुभट्टीतल्या इंधनाच्या गोळ्यासुद्धा सिरॅमिकच्या. आणि हल्लीचा पाव फेरी फिरणारा नळ उघडून बघा, आत दोन चकत्या असतात, इतक्या सपाट घासलेल्या की पाण्याचा थेंब लावून एकमेकींवर ठेवल्या तर ओढून सुटत नाहीत, सरकवाव्या लागतात. पाण्यातली वाळू रबराच्या वायसरला खाते, या चकत्यांवर तिचं काही चालत नाही, कारण कडकपणाच्या 1 ते 10 च्या मोजपट्टीवर (मोहस् स्केल) वाळू 7 आणि अ‍ॅल्युमिना 9.

तर विनंती एवढीच की पुढच्या वेळी या विषयावर लिहाल तेव्हा अर्धं पान बनवण्याच्या प्रक्रियेला द्या, दळणाऱ्या, भरणाऱ्या, भट्टी लावणाऱ्या माणसांशी बोला, आणि फोटो मगचा नको, भट्टीतून नुकत्या निघालेल्या स्लीव्हचा टाका.

आपली,
एक नियमित वाचक