तुझ्या टीममधली ती गप्प मुलगी

प्रिय लेकीस,

काल फोनवर तू म्हणालीस, "ट्रेनिंग झालं, तीनदा मेल पाठवले, तरी नव्या सिस्टीमला कुणी हात लावत नाही." आवाज रडवेला होता तुझा. तेव्हा मला काही सुचलं नाही, म्हणून आज लिहायला बसले.

आमच्या हिशेब विभागात खतावण्या जाऊन संगणक आले तेव्हा मीही विरोधात होते. ते माझं स्वतःचं मत आहे असं मला ठामपणे वाटायचं. खरं तर परिपत्रक मी धड वाचलंही नव्हतं. मधल्या सुटीत आम्ही चौघी एकत्र बसायचो आणि तिथे जी भीती बोलली जायची ती घेऊनच मी टेबलावर परतायचे. शेजारच्या खोलीतल्यांना तेच परिपत्रक मिळालं होतं, ते मुकाट्याने शिकत होते.

विभागातली एक जण मात्र पहिल्याच आठवड्यात संगणक शिकली. तिच्याशी कुणी भांडलं नाही. ती जवळ आली की आमचं बोलणं थांबायचं, एवढंच. महिनाभरात तिने पुन्हा खतावणी उघडली. हे मी तुला आजवर सांगितलं नव्हतं, कारण बोलणं थांबवणाऱ्यांत मीही होते.

पुढे कधीतरी अमेरिकेतल्या हारवुड कारखान्यातला १९४८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास वाचनात आला. तिथे पायजमे शिवले जात. कामाची पद्धत बदलल्यावर इस्त्री करणारी एक बाई गटापेक्षा थोडी पुढे गेली, तर बाकीच्या तिच्यावर इतक्या उखडल्या की तिचं काम घसरलं. पुढे गट मोडला, इतर जणी दुसरीकडे गेल्या, ती एकटी उरली आणि काही दिवसांत तिचं काम जवळजवळ दुप्पट झालं. वाचून मी पुस्तक मिटून ठेवलं. आमची खतावणीवाली डोळ्यांसमोर उभी राहिली.

त्याच कारखान्यात आणखी एक गोष्ट दिसली. ज्या गटाला बदल नुसता कळवला, त्यातले १७ टक्के लोक पहिल्या ४० दिवसांत नोकरी सोडून गेले. जिथे सगळ्यांना ठरवण्यात घेतलं, तिथून कुणीच गेलं नाही. तुझ्या त्या तीन मेलमध्ये एक तरी प्रश्न होता का ग?

आमच्याकडे गाडं हललं ते आवक-जावक बघणाऱ्या काकांमुळे. हुद्दा लहान, पण अडलं की सगळे त्यांच्याकडेच जायचे. साहेबांनी बैठका घेतल्या त्या विभागप्रमुखांच्या, काकांना कुणी विचारलंसुद्धा नाही. एका दुपारी ते आपणहून संगणकासमोर बसले, शेजारच्या दोघांनाही बसवलं. पंधरा दिवसांत खोली पालटली. बातमी पसरायला एक तोंड पुरतं, सवय बदलायला मात्र ओळखीची दोन-तीन माणसं ती बदलताना दिसावी लागतात. तुझ्याकडचे काका कोण, ते शोध. पदांच्या तक्त्यात ते सापडायचे नाहीत.

आणि कट्टर विरोधकाच्या मागे एवढी धावू नकोस. बातिलाना आणि काशारो या दोन अभ्यासक बायांनी ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतले ६८ बदल तपासले. कुंपणावर बसलेल्यांशी, म्हणजे ज्यांचं अजून काहीच ठरलेलं नाही अशांशी, जवळीक असली की बदल घडवणाऱ्याला नेहमीच मदत झाली. विरोधकाशी घट्ट मैत्री छोट्या बदलात उपयोगी पडली, मोठ्या बदलात तीच आडवी आली. मैत्री तोडू नकोस, त्याचं म्हणणं मनापासून ऐक. सिस्टीममधली खरी अडचण कदाचित त्यालाच दिसली असेल. पण तुझा वेळ, तुझं बसणं-उठणं कुंपणावरच्यांसोबत असू दे.

बोलता बोलता तू म्हणालीस, टीममधल्या एकीला सिस्टीम जमते पण ती गप्प असते. माझं मन तिथेच अडकलंय. सगळ्यांसमोर तिचं कौतुक करू नकोस, आणखी एकटी पडेल. कुंपणावरच्या दोघांना तिच्याबरोबर एखादं काम दे आणि सोमवारी तूही त्यांच्यात जाऊन बस. काय झालं ते रात्री फोन करून सांग, मी जागी असेन.

तुझी
आई